दर आठवं घर

यादीत दर आठवं घर घ्यायचं,
तालमीच्या बोळापासून उजव्या हाताला.
साठ पूर्ण झालेलं माणूस आत आहे का विचारायचं,
आधार कार्ड बघायचं.
निम्म्यांचा जन्म एक जूनचा,
मास्तरांनी दिलेला.

देशात किती म्हाताऱ्यांना विसर पडलाय
याचा अंदाज काढायला आम्हाला नेमलंय:
मी आणि शमा बागवान,
दोघींत एक स्कूटी, पेट्रोलचं बिल महिन्यानं.

पहिला प्रश्न, आज तारीख काय?
उत्तरेश्वर पेठेतल्या सोनाक्का म्हणाल्या,
"तारीख तुझ्याकडं असंल की बाळ.
परवा अवस हाय,
आन् दूधवाल्याचं सोळा दिवस झाल्यात."
तक्त्यात शून्य गुण.
मी समासात पेन्सिलनं लिहिलं, अवस बरोबर.
समास कुणी मोजत नाही.

मग तीन शब्द सांगायचे
आणि पाच मिनिटांनी परत विचारायचे.
चावी, जोंधळा, छत्री.

उद्यमनगरच्या मागं दस्तगीर शिकलगार.
चाळीस वर्षं फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न केले.
घड्याळ काढा म्हटलं, तर
कंपास नसताना असा गोल काढला
की शमानं फोनवर फोटो घेतला (घ्यायचा नसतो).
आकडे मात्र घातले नाहीत.
"चाची, चहा टाक," आत बघून म्हणाले.
दारातला मुलगा हळूच म्हणाला,
"अम्मी जाऊन अकरा वर्षं झाली."
शब्द विचारले. एकही नाही.
जाताना मात्र माझं मनगट धरलं:
"लोखंड निवताना आकसतं, पोरी.
फुटाला अष्टमांश इंच.
साचा जरा मोठाच धरायचा."

शनिवार पेठेत सून चौकटीतच उभी.
"वयच झालंय हो त्यांचं, दुसरं काय नाही.
गॅस एकदाच राहिला चालू.
आणि कागदावर काही लिहू नका,
नातीचं बघायला येणार आहेत रविवारी."
आतून कुणीतरी विचारत होतं, एस्टी आली का,
एस्टी आली का.
मी खूण केली: लक्षण नाही.

ताराबाई पार्कात वॉचमन म्हणाला,
साहेब कुणाला भेटत नाहीत.
वरच्या गॅलरीत पायजम्यातला एक माणूस
आम्हाला कडक सलाम ठोकून उभा होता.
हात खाली घ्यायचं त्याला सुचत नव्हतं.
रकाना सात, नकार.

पुण्याहून फोनवर सर समजावतात:
निवडलेलं एक माणूस म्हणजे अकरा हजार माणसं.
तेव्हापासून रात्री डोळे मिटले की
सोनाक्काच्या मागं अकरा हजार बायका दिसतात,
लुगड्याचा काष्टा सावरत,
तारखेत सगळ्या नापास.
आणि त्या गॅलरीच्या मागं काहीच नाही.
नकाराला वजन नसतं.

शंभरात सात, असं काहीतरी येईल म्हणतात.
पुढं दशांश चिन्ह, त्यापुढं अजून एक आकडा.
मी त्या आकड्याकडं बघते
आणि मला फुटाला अष्टमांश आठवतं.

आमचं घर यादीत सातवं.
सातव्याला विचारायचं नाही,
विचारलं तर नमुना बिघडतो.
आबा साखर कारखान्यात काट्यावर होते.
पावती लिहायचे: भरलेली गाडी, रिकामी गाडी, ऊस.
हल्ली मला कधी पाटील म्हणतात,
कधी नुसतंच "ओ".
महिनाभर रात्री ओट्याशी भांडी घासत
मी शब्द पाठ करायचे,
दारोदारी एकाच चालीत म्हणता यावेत म्हणून.

काल लाइट गेली.
अंधारात आबांचाच आवाज, स्पष्ट, क्रमानं:
चावी. जोंधळा. छत्री.
मी थांबले. हातात ओलं पातेलं.
तीनपैकी तीन,
मांडायला रकाना नाही.

मग थोड्या वेळानं,
"ओ, रिकाम्या गाडीचं वजन घेतलंय न्हवं?"

घेतलं, म्हटलं.
घेतलं नव्हतं.